चार इसा नि एक

बद्रीनाथच्या घरी शिवशंकर जन्मला ते साल दोन हजार चोवीस. ऐन महाशिवरात्रीच्या पहाटे पोरगा झाला, म्हणून नाव शोधावं लागलं नाही. बद्रीनाथनं साऱ्या वस्तीवर पेढे वाटले. आणि त्याच पोराच्या पायी त्या साली घरात असं भांडण पेटलं, की माय-लेक धड बोलेनासे झाले. बोलले ते ओरडूनच.

भांडण असं होतं. दसरा झाला की ऊस तोडायला टोळी निघायची. बद्रीनाथ आणि त्याची बायको मनिषा, दोघं मिळून एक कोयता, म्हणजे टोळीच्या मुकादमाच्या हिशेबात एक जोडी. दोघं फडात उतरले की तान्ह्या लेकराला सांभाळायला कुणीतरी पाहिजे. बद्रीनाथ म्हणे, थोरली स्वप्नाली नऊ वर्षांची झाली, ती येईल. बद्रीनाथची आई मंजुळाबाई म्हणे, ती येणार नाही, ती शाळेत बसेल.

"पयली, दुसरी, तिसरी," मंजुळाबाई एकेक बोट मुडपत म्हणाली, "तिनी वर्षं दसऱ्याला नेली न् उन्हाळ्यात आणली. अर्धी शाळा फडात गेली पोरीची. आता चौथीला हात लावू नगंस."

"शाळंत बसून काय करती गं?" बद्रीनाथ म्हणाला. "सात आठे इचारलं की तोंडाकडं बघत बसती. तितं नुसती खिचडी खाणार. त्यापरीस भावाला तरी बघंल."

खिचडीचं नाव निघालं आणि मंजुळाबाईचं डोकं फिरलं, कारण शाळेतली खिचडी तीच शिजवायची.

"माज्या खिचडीला नाव ठिवू नगं, बदऱ्या. दसरा झाला की शाळंत तपासणी हाय. भाईरचे साहेब येऊन पोरांला गणितं घालणार हायत. त्यात सपनी पास झाली तर?"

"झाली तर ऱ्हाऊ दे हितं."

"घे आन."

"घेतो की. ह्या शिवशंकरच्या डोक्यावर हात ठिवून सांगतो."

मनिषानं पोर झटकन मागं ओढलं. "लेकराच्या डोक्यावर कशाला? आपल्या मिशीवर हात ठिवा."

बद्रीनाथनं खरंच मिशीवर हात ठेवला. पोरगी पास होणार नाही याची त्याला खात्री होती. आणि खरं सांगायचं तर मंजुळाबाईलाही तेव्हा तशीच भीती होती. म्हणूनच तिला इतका राग आला होता.

वस्ती चौसाळ्याच्या आतल्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. शाळेला दोन खोल्या, एक चिंचेचं झाड आणि एक शिक्षक. सोमेश्वर गुरुजी पोरसवदा होते, मनानं चांगले. पण चार वर्ग एकट्यानं सांभाळायचे आणि वर दिवसभर मोबाइलात काहीबाही माहिती भरायची. पाढे व्हायचे ते सगळ्यांचे एका सुरात. त्या सुरात स्वप्नाली नुसते ओठ हलवते, हे गुरुजींना दिसत नव्हतं. मंजुळाबाईला चुलीपासून दिसत होतं.

ती गुरुजींकडे गेली नाही. तिनं दुसऱ्या दिवशी खिचडीच्या रांगेतच खेळ मांडला. पहिलं पोरगं ताटली घेऊन पुढं आलं, तशी तिनं भरलेली पळी वर धरली आणि म्हणाली, "तीन साता?"

पोरगं गडबडलं. "खिचडी दे की आज्जे."

"देते की. उत्तर आलं तरी देते, न्हाई आलं तरी देते. उपाशी ठिवायला मी काय सावत्र हाय? पन चुकलं त्याला कच्चं वांगं म्हनायचं, न् त्यानं मागच्याला गणित घालायचं."

एवढाच नियम. पण त्या नियमानं कमाल केली. कच्चं वांगं झालेल्यानं मागच्याला गणित घालायचं, म्हणजे उत्तर आधी स्वतःला ठाऊक पाहिजे. मग चुकलेली पोरं रांगेतून बाजूला होऊन बोटं मोजायला लागली. सकाळी शाळा भरायच्या आधी पोरं चुलीजवळ येऊन विचारायची, "आज कितीचा पाढा हाय आज्जे?"

मग चिंचोके आले. मंजुळाबाईनं चिंचोके भाजून, फोडून, अर्धे अर्धे केले. एक बाजू तपकिरी, एक पांढरी. दहा फोडी फेकायच्या, पांढऱ्या मोजायच्या. पुन्हा फेकायच्या, पुन्हा मोजायच्या. आधी सात पडल्या, मग आठ पडल्या, तर सात आठे किती? जो आधी सांगेल त्यानं सगळ्या फोडी उचलायच्या. अंगणात लंगडीचे चौकोन आखले, त्यात आकडे घातले. ठिकरी ज्या आकड्यावर पडेल, त्याची नवपट सांगितल्याशिवाय दुसरा पाय टेकायचा नाही. पोरं एका पायावर डुलत डुलत हिशेब करायची आणि धपकन पडायची.

स्वप्नालीची जीभ त्या चिंचोक्यांनी सुटली. महिनाभरात तिच्याआधी कुणाला फोडी उचलता येईनात.

"नऊ नवे?"

"चार इसा नि एक!"

"सात आठे?"

"दोन इसा नि सोळा!"

इसा म्हणजे वीस. जुन्या माणसांची मोजणी ती. मंजुळाबाईची आई भिवराबाई फडात मोळ्या मोजायची. वीस झाल्या की एक खडा पदरात टाकायचा, खड्याला इसा म्हणायचं. गवऱ्या, पेंढ्या, शेळ्या, माणसाचं वय, सगळं इसात. मंजुळाबाई तेच बघत मोठी झाली. एखाद्या पोरानं रांगेत "छप्पन्न" असं म्हटलं, तर ती पळी आपटून म्हणायची, "ते गुरुजीला सांग. माज्या रांगंत इसात बोलायचं." पोरांना वाटायचं खेळाचा नियमच आहे. ती असं का म्हणते, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

दसऱ्यानंतरच्या मंगळवारी तपासणी आली. मोटारीतून दोघं उतरले. त्यातला जाड चष्म्याचा साहेब गणिताचा. त्यानं चौथीच्या पोरांना कागद वाटले, दहा गुणाकार, पंधरा मिनिटं. मंजुळाबाई चुलीपाशी तांदूळ निवडत होती, पण नजर खिडकीत होती. स्वप्नालीनं सगळ्यांच्या आधी पेन्सिल खाली ठेवली. खिडकीकडं बघून हसली. मंजुळाबाईनं त्या दिवशी खिचडीत तेल जरा जास्तच सोडलं.

मग तिला साहेबाचं हसणं ऐकू आलं. साहेबानं एक कागद उचलला, सोबत्याला दाखवला, दोघं पोट धरून हसले. साहेबानं खिशातून मोबाइल काढला आणि कागदाचा फोटो घेतला.

फोटो संध्याकाळपर्यंत तालुकाभर फिरला. बद्रीनाथ चौसाळ्याच्या फाट्यावर चहा पीत बसला होता, तिथं टोळीतल्या सिदूनं त्याच्यापुढं मोबाइल धरला.

"काय बे बद्री, ही तुजीच पोरगी न्हवं? वर नाव हाय बघ. सात आठे बावीस हजार सोळा! मुकादमाला सांग, टनाचं माप हिलाच करू द्या. एका मोळीत सारे मालामाल."

फाट्यावरची माणसं खदखदून हसली. फोटोखाली साहेबानं लिहिलं होतं, 'आमच्या तालुक्याच्या गणितज्ञ.'

बद्रीनाथ घरी आला तेव्हा दिवस बुडत होता. त्यानं मोबाइल आईच्या पुढ्यात टाकला.

"बघ तुज्या चिंचोक्याचा परताप. सारा तालुका हसतुया मला. सोमवारी गाडी हाय. हिचं बोचकं बांध."

स्वप्नाली दाराआड उभी होती. मंजुळाबाईनं चष्मा चढवून मोबाइल जवळ धरला. कागदावर पोरीच्या अक्षरात लिहिलं होतं:

७ × ८ = २२०१६
८ × ८ = ३२०४
९ × ९ = ४२०१

तिनं एकेका आकड्यावर बोट ठेवलं. दोन, वीस, सोळा. तीन, वीस, चार. चार, वीस, एक. पुन्हा एकदा बघितलं.

"बरूबर तर हाय की," ती म्हणाली.

"बरूबर?" बद्रीनाथ किंचाळला.

"दोन इसा नि सोळा. पोरीनं लिवलंय बरूबर. त्या चष्मेवाल्याला इसा येत न्हाई न् हसतुय माज्या नातीला! उद्या येनार हाय न्हवं तो? येऊ दे. जेवायला माज्याच रांगंत येनार हाय."

त्या रात्री तिनं शेजारच्या चतुराबाईला, चतुराबाईच्या सुनेला आणि रस्त्यानं जाणाऱ्या दोन माणसांना त्या साहेबाचा उद्धार करून दाखवला. तिचा राग असाच होता. एका माणसात मावायचा नाही.

बुधवारी साहेब दप्तर तपासायला पुन्हा आले. दुपारी ताटली घेऊन पोरांच्या रांगेपुढं येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "वा! वास तर छान सुटलाय, मावशी."

मंजुळाबाईनं पळी भरली, वर धरली, आणि ती तशीच धरून ठेवली.

"तीन इसा नि बारा म्हंजी किती?"

"काय?"

"हितल्या रांगंचा नियम हाय. तीन इसा नि बारा."

साहेब हसले, चष्मा सरकवला, गुरुजींकडं बघितलं. गुरुजींनी मान खाली घातली.

"इसा म्हणजे... अं..."

"कच्चं वांगं!" मागून कुणीतरी पोरगं हळूच म्हणालं, आणि साऱ्या रांगेला हसू फुटलं.

"आठ नवे किती व्हत्यात ते इचारलं मी," मंजुळाबाई म्हणाली. तिचा आवाज आता चढला होता. "तुमाला न्हाई आलं. मी काढू का तुमचा फोटू? पाठवू का समद्या गावाला? माज्या नातीची दहाच्या दहा उत्तरं बरूबर व्हती. तुमी लेकराला हसलात. नऊ वर्साच्या लेकराला! तिच्या बापाला चारचौघांत खाली बघाया लावलं. कावून? तुमाला मोजता येत न्हाई म्हून?"

साहेबांचा चेहरा लाल झाला. ताटली त्यांनी हळूच चुलीच्या कडेला ठेवली.

"बाई, तुमची मोजणी जुनी आहे, असेल बरोबर. पण लिहिलेलं चूक आहे. तुम्हीच लिहून दाखवा ना. या. छप्पन्न लिहा फळ्यावर."

ती ताडताड वर्गात गेली. खडू उचलला. सारी शाळा दारात गोळा झाली, पुढं स्वप्नाली. मंजुळाबाईनं मोठ्या, गोल, कष्टानं कमावलेल्या अक्षरात लिहिलं: २. मग २०. मग १६.

साहेबांनी खाली लिहिलं: ५६. मग तिच्या आकड्यांखाली एक रेघ ओढली आणि उजवीकडून एकेक घर मोजून दाखवलं. एकक, दशक, शतक, हजार, दहा हजार. "हे बावीस हजार सोळा, बाई. कुणीही वाचलं तरी बावीस हजार सोळाच." मघाचा चेष्टेचा सूर आता त्यांच्या आवाजात नव्हता.

मंजुळाबाई फळ्याकडं बघत उभी राहिली. ऐन चाळिशीत ती प्रौढांच्या वर्गात बसली होती. आधी सही शिकली, मग बाराखडी, मग आकडे. आकडे विसापर्यंत आले आणि दसरा आला. टोळी निघाली, वर्ग संपला. परत आली तेव्हा शिकवणारी बाई बदलून गेली होती. पुढं ती अडखळत का होईना वाचायला शिकली, पाटी वाचायची, गाडीवरचं नाव वाचायची. पण विसाच्या पुढच्या आकड्यांजवळ ती कधी गेलीच नाही. छप्पन्न आणि पासष्ट तिला सारखेच वाटायचे. म्हणून तर 'माझ्या रांगेत इसात बोलायचं'. पंचवीस वर्षं तिनं ते झाकून ठेवलं होतं, आणि झाकता झाकता नातीला तेच शिकवलं होतं.

"गुरुजी," ती एकदम वळून म्हणाली. तिला कुणावर तरी ओरडायचं होतं. "तुमाला दिसलं न्हाई? म्हैनाभर मी तुमच्या दाराम्होरं वरडतीय, इसा, इसा. तुमी मोबाइलात बघत बसलात!"

"चुकलं माझं, मावशी," गुरुजी म्हणाले. मग साहेबांकडे वळून म्हणाले, "सर, तो फोटो काढून टाका."

"ग्रुपवर गेलेला आता कसा परत येणार?" साहेब म्हणाले आणि दप्तराच्या खोलीत निघून गेले. जेवले नाहीत.

त्या दिवशी स्वप्नालीही जेवली नाही. घरी येऊन भिंतीकडं तोंड करून बसली. मंजुळाबाईनं भाकरी पुढं ठेवली तशी ती फणकारली.

"तुला येत न्हवतं तर कावून शिकवलं आज्जे? माजं नाव समद्या मोबाइलात गेलं. आता बा मला नेणार."

पोरीच्या तोंडून असलं ऐकायची मंजुळाबाईला सवय नव्हती. दुसरा कुणी असता तर तिनं उलथणं फेकलं असतं. ती गप्प राहिली, आणि तिचं गप्प राहणं बघून मनिषाच घाबरली. "आत्या, पाणी देऊ का?"

"नगं. विष दे," मंजुळाबाई म्हणाली आणि शेळीला पाला घालायला उठून गेली.

गुरुवारी सकाळी मात्र ती शाळेत गेली ती थेट गुरुजींपुढं. "मला विसाच्या फुडचं शिकवा. आत्ताच्या आत्ता. सोमवारी गाडी हाय."

गुरुजींनी कपाटातून काड्यांचे गठ्ठे काढले. दहा दहा काड्या रबरात बांधलेल्या. दहाचा एक गठ्ठा, सुट्या काड्या वेगळ्या. गठ्ठे किती ते डावीकडं लिहायचं, सुट्या किती ते उजवीकडं. मंजुळाबाई आणि स्वप्नाली शेजारी शेजारी बसल्या, एकमेकींकडं न बघता. मंजुळाबाईनं सवयीनं दोन दोन गठ्ठे जोडून वीस वीसचे ढीग लावले. चार ढीग, वर एक काडी.

"चार इसा नि एक," ती पुटपुटली. "आता हे ह्येंच्या भाषंत कसं म्हनायचं, माय?"

स्वप्नाली ढिगांकडं बघत होती. मग तिनं भाकरी मोडावी तसा एक ढीग दोन्ही हातांनी मोडला आणि दोन गठ्ठे बाजूला ठेवले.

"आज्जे, इसा मोड."

"आं?"

"एक इसा मोडला की दोन गठ्ठे. दुसरा मोड. चार गठ्ठे. तिसरा. सहा. चौथा. आठ. आठ गठ्ठे न् वर एक काडी." तिनं पाटी ओढली आणि लिहिलं: ८१. "एक्याऐंशी! आज्जे, नऊ नवे एक्याऐंशी गं!"

"दोन इसा नि सोळा मोड," मंजुळाबाई म्हणाली.

"चार गठ्ठे. सोळातला एक गठ्ठा काढला की पाच. हातात ऱ्हायल्या सहा." ५६.

मंजुळाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "पंचवीस वर्सं! पंचवीस वर्सं एवढ्याशा गोष्टीला भ्याले मी. एका मानसानं सांगितलं असतं, मंजुळे, इसा मोड!" आणि तिनं आपल्या प्रौढ वर्गाला, त्या बदलून गेलेल्या बाईला, मुकादमांच्या सात पिढ्यांना अशा शिव्या घातल्या की गुरुजींनी पोरांना अंगणात पिटाळलं.

शनिवारपर्यंत शाळेत तोच खेळ चालला. पोरांनी नाव ठेवलं इसामोड. आणि रांग उलटी झाली. मंजुळाबाईनं रिकामी ताटली धरून उभं राहायचं, पळी स्वप्नालीच्या हातात.

"सात नवे?"

"तीन इसा नि तीन... थांब. सहा गठ्ठे न् तीन. साठ न् तीन... तिरसट."

"त्रेसष्ट म्हन. आठ आठे?"

"चौऱ्याहत्तर."

"कच्चं वांगं!"

"कच्चं वांगं कुणाला म्हनतीस गं?" मंजुळाबाई ओरडायची, खरोखर चिडायची, आणि पुन्हा रांगेच्या शेवटाला जाऊन उभी राहायची.

सोमवारी सकाळी गाडी वस्तीवर आली. पत्रे, बांबू, हंडे, कोयते, शेळ्या, सगळं चढत होतं. मनिषा शिवशंकरला कडेवर घेऊन उभी होती. बद्रीनाथनं स्वप्नालीचं बोचकं गाडीत टाकलं. मंजुळाबाईनं ते काढून खाली टाकलं.

"मिशीवर हात ठिवलावता. इचार तिला."

"झाली की तपासणी. सारा तालुका..."

"तालुक्यानं न्हाई आन घेतली. तू घेतलीवतीस. इचार!"

टोळीची माणसं कामं सोडून जमली. सिदू पुढं झाला. "मी इचारतो. सपने, सात आठे?"

"छप्पन्न."

"लिही."

गाडीच्या फाळक्यावर धुळीचा थर होता. पोरीनं बोटानं लिहिलं: ५६. सिदूनं नऊ नवे विचारलं. तिनं लिहिलं: ८१. ड्रायव्हर खाली उतरला आणि त्यानं बारा बारा विचारलं. हा पाढा झालाच नव्हता. स्वप्नालीनं डोळे मिटले, ओठ हलवले, बोटांनी हवेत कसले तरी ढीग मोडले. "एकशे चव्वेचाळीस," ती म्हणाली आणि लिहिलंही.

"आयला," सिदू म्हणाला, "माजा फोटू काढा आता."

कुणीतरी हसलं. बद्रीनाथ हसला नाही. त्यानं धुळीतले आकडे बघितले.

"आली उत्तरं. मग? ह्याला कोन बघनार?" त्यानं शिवशंकरकडं हात केला. "फडात सरीत निजवू? गेल्या साली शेजारच्या टोळीतलं लेकरू टॅक्टरच्या चाकाखाली गेलं. मीच काडलं खालून. तुमी कुणी न्हवता. मला हौस हाय का पोरीला न्यायची?"

मंजुळाबाईला त्या लेकराचं ठाऊक नव्हतं. त्यानं घरी कधी सांगितलंच नव्हतं. तिचा राग क्षणभर कुठं बसावं ते न कळल्यासारखा झाला. मग तो पुन्हा उठला, पण आता त्याचं तोंड दुसरीकडं होतं.

"चतुरे!" तिनं हाक मारली. शेजारची चतुराबाई गर्दीतून पुढं आली. मंजुळाबाईनं कमरेची किल्ली सोडून तिच्या हातात दिली. "खिचडीघराची हाय. मीठ बेतानं टाक. ही पोरगी तुज्या घरी निजंल. दोन्ही टाइमचं जेवन शाळेतच हाय, तोडीला गेलेल्यांच्या पोरांच्या हंगामी वसतिगृहात. गुरुजींनी नाव लिवलंय."

"आन तू गं कुटं चाललीस?"

"ऊस तोडाया न्हाई. लेकरू बघाया."

"माय, तुला तीन इसा नि चार झाली," बद्रीनाथ म्हणाला. "थंडीत पाचटाच्या कोपीत..."

"चौसष्ट म्हन. सहा गठ्ठे न् चार," तिनं त्याला दरडावलं. "न् हात दे वर चढाया. उपकार करत न्हाई मी तुज्यावर. रागानं चाललीय. माज्या आईला नेली, मला नेली, सुनंला नेली. हिला न्हाई नेणार. आमच्या चार पिढ्यांत एक तरी दसऱ्याला घरी ऱ्हाईल."

बद्रीनाथनं हात दिला. मनिषानं लेकरू वर दिलं. स्वप्नाली रडत गाडीमागं पळाली. मंजुळाबाई वरून ओरडली, "रडू नगं! बाराचा पाढा कर. मी रोज इचारनार हाय!"

आणि तिनं रोज विचारलं. कोल्हापूरकडच्या फडावरून दिवस मावळताना मनिषाच्या मोबाइलवरून फोन यायचा. आधी म्हातारी विचारायची, मग पोरगी विचारायची. मागं शिवशंकर रडत असायचा. त्याला फडाच्या बाजूला झाडाच्या सावलीत घेऊन ती दिवसभर बसायची, चाकांपासून लांब. मोळ्या मोजायची तेही आता गठ्ठ्यात. शेवटी शेवटी तिचा खोकला इतका वाढला, की उत्तराच्या मधेच तो यायचा. डॉक्टरकडं चला म्हटलं की ती मनिषावर खेकसायची. एकदा स्वप्नालीनं सांगितलं, साहेब शाळेत आले होते, माझं गणित बघून छान म्हणाले.

"माफी मागितली का?"

"न्हाई."

"मग बोलू नगंस त्येच्यासंग," मंजुळाबाई म्हणाली. "सांग, चौदा साता?"

"अठ्ठ्याण्णव."

"बरूबर. जेवलीस का?"

तो तिचा शेवटचा फोन. मंजुळाबाई दोन हजार पंचवीसच्या फेब्रुवारीत, महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी, दुपारी, फडावरच्या कोपीत वारली.